ताराबाई, वरुणा आणि न लिहिलेलं कलम

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा, पण पूर्ण वाचा.

आपल्या हिवरखेडात बसून समुद्राची गोष्ट सांगायची म्हणजे लोक हसणारच. "भाऊ, आपल्या इकडं समुद्र कुठी हाय?" असं कोणी ना कोणी विचारतंच. इथं मीटरगेज बंद पडून वर्षं झाली, ब्रॉडगेज कुठून जाणार यावर चावडीवर अजून वाद चालतात. तिथं जहाजाचं काय घेऊन बसलात? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. खारं पाणी म्हणाल तर ते खाली खारपाणपट्ट्यातल्या विहिरीत. मुंबईचा किनारा इथून पाचसहाशे किलोमीटर.

तरीही सांगतो. ही गोष्ट तटरक्षक दलाच्या जहाजांची आहे तशी आपल्या कायद्याची पण आहे. माणूस पकडला आणि कलमच नव्हतं, तर काय होतं, हे तालुक्याची बातमीदारी करणाऱ्या कोणालाही वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय या दलाच्या जन्माशी आपल्या विदर्भाच्या एका माणसाचा थेट संबंध आहे, आणि तो विदर्भातच फारसा कोणाला माहीत नाही.

कामठीचा माणूस

त्यांचं नाव खुसरो फरामर्ज रुस्तमजी. पारशी कुटुंब, जन्म १९१६चा, कामठीचा. शिक्षण नागपूरला. १९३८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पोलीस सेवेत लागले, म्हणजे आपला अकोला जिल्हा तेव्हा ज्या प्रांतात होता त्याच प्रांतात. पुढं १९६५मध्ये सीमा सुरक्षा दल उभं राहिलं, त्याचे पहिले प्रमुख हेच. बीएसएफमध्ये आपल्या भागातली पोरं आहेत, त्यांना हे नाव पाठ असतं.

पण समुद्राकडं ते कसे वळले? साठ-सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची, घड्याळांची, कापडाची तस्करी जोरात होती. आखातातून गलबतं यायची, रात्रीत माल उतरायचा. कस्टमकडं बोटी कमी आणि त्याही हळू. नौदलाला बोलवावं तर युद्धनौका काय गलबतांच्या मागं पळवायच्या? त्यांचं काम वेगळं, खर्च वेगळा. त्यातच १९७४च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' जहाजानं मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं. बॉम्बे हाय. आता नुसता किनारा राखून भागणार नव्हतं, समुद्रातली मालमत्ता पण राखायची होती. त्याच सुमारास जगात २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्राची चर्चा सुरू होती. आपण १९७६मध्ये त्यासाठी कायदा केला आणि जवळपास २० लाख चौरस किलोमीटर समुद्राची जबाबदारी देशावर आली. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे. असे साडेसहा महाराष्ट्र पाण्यावर मांडा, म्हणजे अंदाज येईल.

१९७४मध्येच सरकारनं रुस्तमजींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं पुढच्या वर्षी सांगितलं : नौदलाच्या धर्तीवर, पण शांततेच्या काळातलं काम करणारं वेगळं दल हवं, आणि ते संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली हवं. १ फेब्रुवारी १९७७ला हे दल हंगामी स्वरूपात सुरू झालं. नौदलानं दोन जुन्या फ्रिगेट, 'कृपाण' आणि 'कुठार', आणि पाच गस्ती बोटी दिल्या. एवढ्यावर संसार मांडला. ऑगस्ट १९७८मध्ये तटरक्षक दल कायदा आला आणि तेव्हाचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते दलाचं रीतसर उद्घाटन झालं. ब्रीदवाक्य 'वयं रक्षामः', आम्ही रक्षण करतो.

रुस्तमजींची आणखी एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं ती लागते. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचं काम करताना त्यांनी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खटल्याविना सडणाऱ्या कच्च्या कैद्यांवर वर्तमानपत्रात लिहिलं. त्याच लिखाणावरून सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून खटला उभा राहिला आणि लवकर खटला चालणं हा कैद्याचा हक्क ठरला. म्हणजे सीमा राखणारी दलं उभी करणारा हा माणूस, पकडलेल्याला न्यायही वेळेत मिळाला पाहिजे म्हणणारा होता. दोन्ही गोष्टी एका माणसात क्वचित दिसतात.

राणीच्या नावाचं जहाज

दल वाढलं तशी जहाजं वाढली. मुंबईच्या माझगाव गोदीत पहिलं मोठं गस्ती जहाज तयार झालं, 'विक्रम'. ते १९८३च्या डिसेंबरात सेवेत आलं. त्याच जातीची आणखी आठ झाली. त्यातलं एक 'वरुणा', फेब्रुवारी १९८८चं. त्याच्याकडं शेवटी येऊ.

मोठ्या जहाजांसोबत किनाऱ्याजवळ फिरायला लहान जहाजं लागत होती. १९८७च्या जूनमध्ये 'ताराबाई' सेवेत आलं. सिंगापूरला बांधलेलं. त्याच्या जोडीला 'अहल्याबाई', मग 'लक्ष्मीबाई', 'अक्कादेवी', 'नायकीदेवी', 'गंगादेवी'. सगळी नावं लढणाऱ्या, राज्य सांभाळणाऱ्या स्त्रियांची. ताराबाई म्हणजे आपली महाराणी ताराबाई, हंबीरराव मोहित्यांची लेक, छत्रपती राजारामांची राणी. १७००मध्ये राजाराम महाराज गेले, औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ ठोकून बसलेला, आणि या बाईनं पंचविशीत राज्याची दोरी हातात घेऊन सात वर्षं त्याला झुंजवलं. त्याच काळात कोकणपट्टीवर कान्होजी आंग्र्यांचं आरमार वाढत होतं. तेव्हा समुद्रावर फिरणाऱ्या जहाजाला हे नाव उगाच दिलेलं नाही.

आता 'जहाज' म्हटल्यावर डोळ्यांपुढं टायटॅनिक येतं. तसं काही नाही. ताराबाईची लांबी साधारण ४५ मीटर. आपल्या एसटीच्या चार गाड्या एकामागं एक लावा, झालं. वर तीसेक माणसं. पुढच्या बाजूला ४० मिलिमीटरची बोफोर्स तोफ. ही ती गाजलेली मोठी बोफोर्स नाही, त्याच नावाची जुनी, लहान. एवढ्यात झोपणं, स्वयंपाक, इंजिन, दारूगोळा सगळं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की असलं जहाज पाण्यावर कसं नाचत असेल, ते ज्यानं पूर्णेच्या पुरात डोंगा पाहिलाय त्याला थोडंफार कळेल.

काम काय? रोजचं काम बातमीत येत नाही. परदेशी ट्रॉलर हद्दीत घुसून मासे पळवतात, त्यांना हुसकावणं. आपला मच्छीमार इंजिन बंद पडून भरकटला तर ओढून आणणं. वादळाच्या आधी बोटींना परत फिरा म्हणून सांगत फिरणं. समुद्रात तेल सांडलं तर ते पसरू न देणं. आजारी खलाशी दुसऱ्या जहाजावरून उतरवून घेणं. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराचं काम जसं, तसं. वर्षातले तीनशे दिवस काहीच घडत नाही, आणि एक दिवस असा येतो की सगळी नोकरी त्या दिवसासाठी होती असं वाटावं.

ताराबाईचा तो दिवस १९९९च्या नोव्हेंबरात आला.

सातशे ट्रकांचा माल

२२ ऑक्टोबर १९९९. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं क्वाला तांजुंग बंदर. तिथून 'अलोंड्रा रेनबो' नावाचं जहाज निघालं. मालक जपानी, झेंडा पनामाचा, जहाज जवळपास कोरं करकरीत. आत ७,००० टन ॲल्युमिनियमच्या लाद्या. दहा टनी ट्रकात भरायच्या म्हटलं तर सातशे ट्रक. जिनिंगपुढं दिवाळीनंतर लागणारी कापसाच्या गाड्यांची रांग आठवा आणि ती किती पटीनं वाढवायची ते तुम्हीच ठरवा. माल जपानला जायचा होता. खलाशी सतरा, कप्तान आणि मुख्य इंजिनिअर जपानी, बाकी पंधरा फिलिपिनो.

बंदर सोडून काही तास झाले नाहीत तोच हत्यारबंद टोळी जहाजावर चढली. खलाशांना बांधलं, दुसऱ्या जहाजावर नेऊन आठवडाभर डांबलं आणि मग एका रबरी तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिलं. सतरा माणसं, एक तराफा. दहा दिवस ती तशीच भरकटत राहिली. शेवटी ८ नोव्हेंबरला थायलंडच्या एका मासेमारी बोटीनं त्यांना उचललं. सतराच्या सतरा जिवंत. या सगळ्या प्रकरणात पहिला सलाम त्या अनोळखी कोळ्यांना.

पण जहाज? ते गायब. समुद्रावर चोरलेलं जहाज शोधणं म्हणजे कापसाच्या ढिगात सरकी शोधण्याइतकं सोपं नाही. नाव खरवडून दुसरं रंगवायचं, दुसरा झेंडा लावायचा, खोटे कागद करायचे, की झालं नवं जहाज. त्या काळात अशी 'भुताची जहाजं' मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या आसपास बरीच तयार होत होती. चोरीची मोटारसायकल नंबरप्लेट बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकतात, तोच धंदा, फक्त आकार मोठा.

क्वालालंपूरला सागरी चाचेगिरीची खबर ठेवणारं एक केंद्र आहे. त्यांनी या जहाजाचं वर्णन येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या जहाजांना वायरलेसवरून कळवलं. भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या एका कुवेती टँकरच्या कप्तानाला तसंच एक जहाज दिसलं. त्यानं कळवलं. इथून आपलं तटरक्षक दल कामाला लागलं. डॉर्नियर विमान उडालं, खाली जाऊन पाहिलं. जहाजावर नाव होतं 'मेगा रामा', झेंडा बेलीझचा. बेलीझकडं चौकशी केली, तर या नावाचं जहाज त्यांच्या दप्तरातच नाही. नंबरप्लेट खोटी निघाली.

ताराबाईला पाठलागाचा हुकूम झाला.

आता चित्र पाहा. पुढं ७,७६२ टनी नोंदीचं मालवाहू जहाज, मागं चार एसटींएवढी ताराबाई. वायरलेसवर थांबायला सांगितलं, थांबलं नाही. पुढ्यात इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, उलट वेग वाढवला. पश्चिमेकडं, खुल्या समुद्राकडं पळ. तोफ आहे म्हणून सरळ बुडवता येत नाही, आत कोण आहे ते माहीत नाही, माल दुसऱ्याचा, आणि काम पकडायचं आहे, बुडवायचं नाही. हे अवघड काम. एखाद्याला मारणं सोपं असतं, जिवंत आणि पुराव्यासकट धरणं कठीण असतं.

दीड-दोन दिवस हा पाठलाग चालला. दिवस, रात्र, पुन्हा दिवस. नौदलाची क्षेपणास्त्रवाहू नौका 'आयएनएस प्रहार' मदतीला आली. १६ नोव्हेंबर १९९९ला मेगा रामा थांबलं. थांबलं तेव्हा आतल्यांनी जहाजाला आग लावली होती आणि इंजिनखोलीत पाणी सोडून ते बुडवायचा प्रयत्न चालवला होता. पुरावाच समुद्रात गेला की खटला कशाचा? पण आपली माणसं वर चढली, आग विझवली, पाणी रोखलं आणि जहाज ओढत मुंबईला आणलं. आत पंधरा इंडोनेशियन. मालातला बराचसा भाग आधीच कुठंतरी उतरवून विकलेला होता.

जगभर बातमी झाली. खोल समुद्रात पळवलेलं जहाज पाठलाग करून, चोरांसकट परत मिळवलं, असं तेव्हा होतच नव्हतं. लहानशा ताराबाईचं नाव जगातल्या सागरी कायद्याच्या पुस्तकांत गेलं.

आणि मग कोर्ट

इथून पुढची गोष्ट मला पाठलागापेक्षा महत्त्वाची वाटते.

आपल्याकडं रेतीचा टिप्पर पकडतात, फोटो येतो, मी पण बातमी लावतो. पुढं काय झालं ते सहा महिन्यांनी कोणी विचारत नाही. पंचनामा कसा झाला, कलम कोणतं लागलं, साक्षीदार टिकला का, यावर सगळं असतं. मेगा रामाचं तसंच झालं, फक्त समुद्राएवढ्या आकारात.

जहाज जपानी मालकाचं. झेंडा पनामाचा. मारहाण झालेले खलाशी जपानी आणि फिलिपिनो. आरोपी इंडोनेशियाचे. गुन्हा घडला इंडोनेशियाजवळ. पकडलं आपल्या १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर, खुल्या समुद्रात. खटला चालणार मुंबईच्या सत्र न्यायालयात. आणि आपल्या भारतीय दंड संहितेत 'चाचेगिरी' नावाचा गुन्हाच नव्हता! संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा आपण १९९५मध्ये मान्य केला होता. खुल्या समुद्रात चाच्यांचं जहाज कोणत्याही देशानं पकडावं आणि आपल्या कोर्टात शिक्षा करावी, असं तो सांगतो. पण जगाशी करार करणं एक, आणि घरच्या कायद्यात कलम लिहिणं दुसरं. ते कलम लिहायचं राहून गेलं होतं.

मग पोलिसांनी हाताशी होती ती कलमं लावली. दरोडा, खुनाचा प्रयत्न, खोटे कागद, देशात बेकायदा प्रवेश. २००३च्या फेब्रुवारीत सत्र न्यायालयानं सात वर्षं सक्तमजुरी सुनावली. पुन्हा जगभर कौतुक झालं, कारण आरोपींचा आणि गुन्ह्याच्या जागेचा आपल्याशी काही संबंध नसताना एखाद्या देशानं असा खटला तडीस नेणं दुर्मिळ होतं. पण दोन वर्षांनी, एप्रिल २००५मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडून दिलं.

इथं लगेच कोर्टाला नावं ठेवायची आपली सवय. मी ठेवणार नाही. कोर्ट कायद्यात लिहिलंय त्यावर आणि पुढं आलेल्या पुराव्यावर चालतं. लिहायचं काम संसदेचं. ज्या गुन्ह्याला नावच नाही, त्याचा खटला दुसऱ्या गुन्ह्यांचे तुकडे जोडून उभा करावा लागतो, आणि जोडकाम कुठंतरी उसवतंच. उलट बाजूही पाहा. सुटलेली माणसं तोपर्यंत साडेपाच वर्षं परमुलखात अडकून पडली होती. दोषी असतील तर ती सुटली हे वाईट. निर्दोष असतील तर इतकी वर्षं गेली हे वाईट. कायदा अर्धवट असला की दोन्हीकडून अन्याय होतो. रुस्तमजींनी कच्च्या कैद्यांबद्दल लिहिलं होतं, ते मला इथं आठवतं.

बरं, एवढं झाल्यावर लगेच कायदा झाला असेल? नाही.

२०११च्या जानेवारी ते मार्चमध्ये सोमाली चाचे लक्षद्वीपपर्यंत यायला लागले. तेव्हा आपल्या नौदलानं आणि तटरक्षक दलानं मिळून चार कारवायांत १२० जणांना पकडून मुंबईला आणलं. तटरक्षक दलाची 'संकल्प', 'समर' आणि 'संग्राम' ही जहाजं त्यात होती. पुन्हा तोच प्रश्न, कोणतं कलम लावायचं? त्यातल्या पंधरा जणांना शिक्षा व्हायला २०१७ उजाडलं. सात वर्षं शिक्षा, आणि त्यातली सहाच्या वर कोठडीतच गेलेली. मध्ये २०१२ला चाचेगिरीचं विधेयक आलं, लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. २०१९ला पुन्हा आलं. अखेर डिसेंबर २०२२मध्ये दोन्ही सभागृहांत सागरी चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर झाला. चाचेगिरीची व्याख्या, त्यासाठी नेमलेली न्यायालयं, जन्मठेप, आणि कृत्यात कोणाचा जीव गेला तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा. आपल्या हद्दीबाहेर, खुल्या समुद्रात पकडलेल्यांवरही तो लागू.

ताराबाईनं जहाज पकडलं १९९९ला. कलम आलं तेवीस वर्षांनी.

तो कायदा किती लागत होता, हे लगेच दिसलं. मार्च २०२४मध्ये 'आयएनएस कोलकाता'नं 'रुएन' हे पळवलेलं जहाज चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोडवलं, ३५ सोमाली चाचे शरण आले, आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. या वेळी हातात नवा कायदा होता. सोडवलेले खलाशी किती होते माहितेय? सतरा. अलोंड्रा रेनबोवर होते तेवढेच.

जहाजांचं पुढं काय झालं

माणसासारखंच जहाजाचं असतं. काहींचं आयुष्य अर्ध्यात तुटतं, काही म्हातारपणीही कामाला येतात.

पाठलागात ताराबाईच्या मदतीला आलेली 'प्रहार' एप्रिल २००६मध्ये गोव्याजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. सुदैवानं त्यावरची सगळी माणसं वाचली. चाच्यांच्या जहाजाला बुडू न देणारी नौका स्वतः अशी साध्या अपघातात गेली.

दुसरीकडं 'वरुणा'. माझगाव गोदीतलं, ७४ मीटर लांब, मागं हेलिकॉप्टर उतरायला जागा. जवळपास तीस वर्षं ते राबलं. उतारवयात ते कोचीला नौदलाच्या प्रशिक्षण ताफ्यात गेलं. म्हणजे नव्या अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहायचा, पहिल्यांदा ओकायचं आणि पहिल्यांदा दिशा धरायला शिकायचं, ते या जहाजावर. दलातले किती अधिकारी त्या डेकवर घडले असतील, हिशेब नाही. निवृत्तीनंतर अशी जहाजं भंगारात जातात. वरुणाचं तसं झालं नाही. २०१७मध्ये ते श्रीलंकेच्या तटरक्षक दलाला दिलं गेलं. तिथं त्याला नवं नाव मिळालं, 'सुरक्षा'. म्हणजे मुंबईच्या कामगारांनी ऐंशीच्या दशकात जोडलेलं लोखंड पुढं शेजाऱ्याच्या समुद्रावर गस्तीला गेलं. आपल्या घरात थोरल्याचा सदरा धाकट्याला देतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. टिकाऊ वस्तूचा तोच मान असतो.

हे सगळं आपल्याला कायले पाहिजे?

तीन कारणं सांगतो, मग थांबतो.

पहिलं, किराणा. आपल्या घरातलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियाकडून येतं, अलोंड्रा रेनबो जिथं लुटलं गेलं त्याच पाण्यातून. केळीला घालतो ते पोटॅश जवळजवळ सगळंच बाहेरून, जहाजानं येतं. वऱ्हाडात रेल्वे आणली गेली तीच मुळात कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून विलायतेला न्यायला. अमेरिकेत यादवी पेटली की इथं कापसाचा भाव चढायचा, हे १८६०च्या दशकातलं. अलीकडं तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा भाडं वाढलं. ते भाडं शेवटी कोणाच्या खिशातून जातं? कृषी केंद्राच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या. समुद्र आपल्यापासून पाचसहाशे किलोमीटर लांब आहे, पण समुद्राचा भाव आपल्या दारात आहे.

दुसरं, पोरं. पहाटे पाचला आपल्या रस्त्यानं धावणारी पोरं रोज दिसतात. पोलीस भरती, आर्मी, एसआरपी. तटरक्षक दलाचं नाव त्यांच्या तोंडी फार कमी असतं. नाविक (जनरल ड्यूटी) या पदासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, डोमेस्टिक शाखेला दहावी चालते. वय साधारण १८ ते २२, राखीव प्रवर्गांना सवलत. प्रशिक्षण ओडिशात चिल्का इथं. "पोहता येत नाही" म्हणून मागं सरू नका, ते तिथं शिकवतात. पण गणित सोडून दुसरा विषय घेतला असेल तर पहिल्याच पायरीवर अडता. म्हणून अकरावीला विषय घेतानाच विचार करा. शिक्षक मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर वर्गात एवढं एक वाक्य जरूर सांगा.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. आपल्याला पाठलाग आवडतो. पकडलं की टाळ्या. पण धाडसी माणसं आणि मजबूत जहाजं असूनही कागदावर एक कलम नव्हतं, म्हणून तीसेक माणसांनी जीव धोक्यात घालून केलेलं काम कोर्टात टिकलं नाही. कलम लिहायला संसदेला तेवीस वर्षं लागली, कारण विचारणारंच कोणी नव्हतं. समुद्राकाठचे लोक विचारत नव्हते, आपण तर मैलोन् मैल दूर. निवडणुकीत रस्ता, पाणी, रेल्वे विचारा, विचारलंच पाहिजे. सोबत हेही विचारत जा : साहेब, सभागृहात कोणता कायदा पडून आहे, आणि तुम्ही त्यावर कधी बोललात?

ताराबाईवरच्या त्या माणसांची नावं मी इथं दिली नाहीत. त्यातली बरीचशी आता निवृत्त होऊन देशातल्या कुठल्या कुठल्या गावी शेती-बागायत, नातवंडं पाहत असतील. त्यांनी त्यांचं काम १६ नोव्हेंबर १९९९लाच पुरं केलं होतं. उशीर किनाऱ्यावरच्यांनी केला.

आपल्या तेल्हारा, अकोट, अचलपूर, दर्यापूर भागातलं कोणी तटरक्षक दलात असेल किंवा होतं, तर खाली जरूर लिहा. नाव द्यायचं नसेल तर गाव आणि जहाजाचं नाव पुरे. आणि समुद्राकाठच्या एखाद्या नातेवाइकाला ही पोस्ट पाठवाल तेव्हा सोबत एक नंबर पण पाठवा : समुद्रात संकटात असाल तर १५५४, तटरक्षक दलाचा.